मेढ्याच्या पाहुण्याला मी काय सांगितलं

दौलू,

तू गेलास यावरसुद्धा माझा आधी विश्वास बसला नाही. आदल्या दिवशीच तुझ्या उशाशी बसून मी गावी परत आलो होतो. सकाळी शाळेत वर्ग घेत असताना मिरजेहून निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा राहिला आणि डोक्याचं मुंडासं काढून म्हणाला, दौलतराव गेले. मी त्याला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मग विचारलं, "तू सवता बघितलंस का?" तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "आवं मास्तर," म्हणाला, "मेलेल्या माणसाची बी चवकशी करता व्हय?"

करतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सुताराच्या घरात जन्मलो. बाप कुठलंही लाकूड हातात आलं की आधी टिचकी मारून कान लावायचा, आत किडलंय का बघायचा. मी त्याचा धंदा उचलला नाही, पण टिचक्या मारणं उचललं. लाकडाऐवजी माणसांना मारत आलो. आणि सगळ्यांत जास्त टिचक्या कुणाला मारल्या असतील तर तुला.

परवा तुझा तेरावा झाला. गोडाचं जेवण उठलं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि आता तुझ्याशी बोलायला मला सवड झाली. तुझे गुण गायला मी बसलेलो नाही. तेराव्याला ते काम गावानं चांगलं केलं, आणि त्यातला निम्मा मजकूर खोटा होता हे तूही मान्य करशील. मला तुला एकच गोष्ट सांगायची होती. तुझी सोयरीक कुणी मोडली, ती. मिरजेच्या दवाखान्यात अठरा दिवस तुझ्याजवळ बसलो, तरी ती माझ्या ओठांवर आली नाही. आणि ती तुला ठाऊक होती, असा मला दाट संशय आहे. हा संशय खरा की खोटा, हे आता कुणाला विचारणार? म्हणून लिहितोय.

कुठून सुरू करू? सांगलीपासूनच करायला हवं. आपण दोघं बोर्डिंगात राहून शिकत होतो तेव्हापासून. शाळेच्या मागच्या मैदानावर फुटबॉल खेळायला लागलो ते अनवाणी. मी पुढच्या फळीत, डाव्या कडेला. तू हाफबॅक. म्हणजे मधे उभं राहायचं, समोरून चाल आली की ती मोडायची, चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. गोल मारायला तू कधी पुढं आला नाहीस. मी तुला म्हणायचो, "लेका, जरा फुडं ये की, गोल मारायची मजा बघ." तू म्हणायचास, "मी फुडं आलो तर मागनं कोण येतंय ते कोण बघंल?" मला वाटायचं, भित्रा आहेस.

मिरजेच्या रेल्वेतल्या पोरांशी आपली मॅच झाली, ती आठवते का? त्यांच्यातले दोघं तर मिशा फुटलेले बाप्ये होते. मी दोन गोल मारले. पोरांनी मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. मी वरून बघत होतो, तू एकटाच सगळ्यांचे सदरे गोळा करत होतास. त्या दिवशी संध्याकाळी बोर्डिंगात भाकरी खाताना तू एवढंच म्हणालास, "सद्या, आज तुला चेंडू बरोबर पायात मिळाला न्हाई का?" मी म्हटलं, "मिळाला म्हंजे? मी मिळवला." तू हसलास. आपला तो वाद तिथं सुरू झाला आणि शेवटपर्यंत मिटला नाही. दोन्ही वेळा चेंडू तूच दिला होतास. मला ते तेव्हाही कळत होतं. कबूल करायला मला इतकी वर्षं आणि तुझं मरण लागलं, ही माझी लायकी.

पुढं लढाई सुरू झाली आणि तू पलटणीत गेलास. तुमच्या घरात ते नवं नव्हतं. आजा गेला, चुलता गेला, तू गेलास. मी ट्रेनिंग करून गावच्याच शाळेत मास्तर झालो. तुझी आई अक्षरशत्रू, त्यामुळं तुझी पत्रं वाचायचं आणि तिची उत्तरं लिहायचं काम माझ्याकडं आलं. गावात वाचता येणारी माणसं आणखी होती. पण ते दिवस कसले होते! बेचाळीसनंतर आपल्या भागात कोण कुणाचा माणूस आहे काही कळत नव्हतं. वाटेनं अनोळखी माणूस दिसला की तो एक तर भूमिगत किंवा पोलिसांचा खबऱ्या. पाव्हण्याला पाणी देताना लोक आधी त्याच्या पायातली पायताणं बघायचे. सरकारी शिक्का मारलेलं, कुणीतरी आधीच उघडून बघितलेलं पलटणीतलं पत्र तुझी आई चावडीत घेऊन जाणार नव्हती. ती पदराखाली घालून माझ्याकडं आणायची आणि दार लोटून घ्यायची.

तेव्हापासूनच तू लिहायला लागलास की पलटणीच्या टीममध्ये खेळतो. मी मनात म्हटलं, लढाईला गेलाय की खेळायला? तुझ्या आईला वाचून दाखवताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी आपल्या पदरचं जोडायचो, "आसं त्यो लिवतो." इराकात आहे, आसं त्यो लिवतो. तब्येत बरी आहे, आसं त्यो लिवतो. एकदा ती वैतागून म्हणाली, "सदा, त्यो लिवतो ते मला ठावं हाय. तू तुझं घालू नगंस." मी घालायचं सोडलं, पण माझा आवाज ते म्हणतच होता.

लढाई संपली, तू सुटलास, आणि घरी पुरता महिनाही न राहता पुन्हा बोटीत बसलास. म्हणे आखाताच्या काठावर एक तेलाची कंपनी आहे, तिचा फुटबॉल क्लब आहे, पलटणीतल्या साहेबानं तुझा खेळ बघून तिथं शब्द टाकलाय, आणि फक्त चेंडू खेळण्यासाठी पगार मिळणार आहे. फक्त चेंडू खेळण्यासाठी! गावात कुस्ती खेळणाऱ्याला खुराक मिळतो, मैदान मारलं तर इनाम मिळतं, हे लोकांना माहीत होतं. पण महिन्याच्या महिन्याला, जिंकलं तरी हरलं तरी पगार? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात जाताना तू मला कंपनीचा कागद दाखवलास. त्यावर तुझ्या नावापुढं इंग्रजीत लिहिलं होतं, फिटर. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "कागदावर तसंच लिवत्यात." कुठंतरी पाणी मुरतंय असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आता खरं सांगतो. नुसता संशय असता तर तो एखाद्या दिवशी मावळला असता. त्याच्या खाली दुसरं होतं. सांगलीत गोल मी मारत होतो, दौलू. खांद्यावर मला घेतलं होतं. फुटबॉल खेळायला साता समुद्रापार आपल्यातलं कुणी जायचंच होतं तर ते कोण? मी इथं तक्त्याशेजारी उभा राहून बे एके बे शिकवतोय, आणि जो कधी गोलाच्या जवळ गेला नाही त्याला साहेब बोटीचं तिकीट काढून देतोय? हे खोटं असायला हवं होतं. तू तिकडं भांडी घासतोयस, नाहीतर कुठल्यातरी गुदामावर बसतोयस, असं असलं तर माझं जग जागच्या जागी राहत होतं. मत्सर म्हणतात तो हाच. मी त्याला चौकसपणा म्हणत होतो.

तुझी पत्रं यायची. आधी आधी चार ओळींची असायची. खेळलो, जिंकलो, बरा आहे. मला वाटलं, सांगण्यासारखं काही नाही म्हणून एवढं तोकडं. मग ती लांब व्हायला लागली. मैदानावर गवत नसतं, रेती आणि तेल एकत्र दाबून जमीन केलेली असते, पडलं की कातडं सोलून निघतं. समोरच्या टीममधला आर्मेनियन फॉरवर्ड उजवीकडं बघतो आणि डावीकडं जातो, म्हणून त्याच्या डोळ्यांकडं न बघता कमरेकडं बघावं लागतं. मग मला वाटलं, एवढं बारीक कशाला लिहितोय? खरं बोलणारा माणूस इतका तपशील देत नाही. तोकडं लिहिलंस तरी संशय, लांब लिहिलंस तरी संशय. एकदा तू वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलंस. मी डिक्शनरी घेऊन बसलो. तुमची टीम जिंकल्याचं होतं, गोल मारणाऱ्या दोघांची नावं होती, त्यांच्या फटक्यांचं वर्णन होतं. तुझं नाव कुठंही नव्हतं. मी ते कात्रण उलटंपालटं करून बघितलं. तुझ्या आईला म्हणालो, "मावशी, ह्यात दौलूचं नाव न्हाई." ती म्हणाली, "नसंल. चुलीतल्या लाकडाचं नाव भाकरीवर कोण लिवतंय?" ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग तू रजेवर आलास, तो जत्रेचा चैत्र. कुस्त्यांचं मैदान भरलं होतं. गावाला आपल्या परदेशी खेळाडूचं कौतुक करायचं होतं. तुला मैदानात नेलं, फेटा बांधला, नारळ दिला. हलगी थांबली. कुस्त्या पुकारणारा म्हातारा उभा राहिला आणि कुस्ती जिंकलेल्या पैलवानाला विचारावं तसं त्यानं हजार माणसांसमोर तुला विचारलं, "सांगा दौलतराव, तिकडं दोन वर्सांत किती गोल मारलं?"

तुला एखादा आकडा सांगता आला असता. दहा म्हणाला असतास तर कुणी मोजायला जाणार होतं? मी सुद्धा नाही. तू हसत हसत म्हणालास, "एक बी न्हाई."

 गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग तिकडं हुबं ऱ्हायाचा पगार घेतोस व्हय रं?" आणि सगळे हसायला लागले. आपल्या लोकांना खेळ म्हणजे एकच माहीत. कोण वर, कोण खाली. कुणी कुणाची पाठ लावली. जो कुणाला पाडत नाही आणि स्वतः पडत नाही, तो काय करतो, हे गावाला समजायचं कुठून? तू समजावून सांगायचा प्रयत्न केलास. "मी आडवतो," म्हणालास. पण हलगी सुरू झाली होती. मी गर्दीत होतो. मला तर समजत होतं. हाफबॅक काय करतो हे त्या मैदानात तुझ्याखेरीज मला एकट्यालाच माहीत होतं. मी दोन पावलं पुढं येऊन सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, मी मास्तर होतो. मी जागचा हललो नाही.

त्या गर्दीत आणखी एक माणूस होता. मेढ्याचा. तुझ्या पलटणीतल्या कुणाच्या ओळखीतून त्याच्या मुलीचा आणि तुझा विषय निघाला होता, मुलगी बघून झाली होती, तुला पसंत होती. तू मला सांगितलं होतंस ते आठवतं. "सद्या, लय बोलत न्हाई, पर बोलली की नेमकं बोलती." तुझ्या तोंडी कुठल्या बाईबद्दल मी एवढं वाक्य त्याआधी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. मुलीचा बाप बैल बघायच्या किंवा बियाणं विचारायच्या निमित्तानं मुलाच्या गावात येतो आणि एखाद्या शहाण्यासुरत्या तिऱ्हाइताला बाजूला घेऊन चौकशी करतो. ह्या चौकशीत कुणी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, लग्न मोडण्याचं पाप कोण घेणार? मुलगा चांगला असला की माणूस भरभरून बोलतो. घर असं, स्वभाव असा, डोळे मिटून पोरगी द्या. आणि काही खोट असली की तो फक्त म्हणतो, "आमाला काय ठावं न्हाई बाबा, तुमीच बघा." विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. तो पाणी पितो, राम राम घालतो आणि पुन्हा त्या गावाची वाट धरत नाही. ही रीत शेंबड्या पोराला माहीत आहे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मेढ्याचे पाहुणे शाळेत आले. जावळीच्या डोंगरातला साधा माणूस. इकडं नदीकाठाला त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. "मास्तर," म्हणाले, "तुमी त्येंचे जुने दोस्त. आमाला तेलाचं काय कळत न्हाई, चेंडूचं बी काय कळत न्हाई. काल मैदानात लोक हसत हुती. पोरगं नेमकं करतंय काय तिकडं?"

मी म्हटलं, "मला काय ठावं न्हाई. तुमीच बघा."

एक अक्षर खोटं बोललो नाही मी. खरंच मला ठाऊक नव्हतं. आजवर ह्याच वाक्याच्या आडोशाला मी बसलो होतो. पण दौलू, तो माणूस माझ्या तोंडचा शब्द ऐकायला आला नव्हता, रीतीप्रमाणं उत्तर घ्यायला आला होता. आणि ते मी रीतीप्रमाणंच दिलं. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, हात जोडले आणि गेले. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पुढच्या वैशाखात मुलीचं लग्न साताऱ्याकडं कुठं तरी झालं म्हणे.

तू त्यावर कधी काही बोलला नाहीस. तुझी रजा संपली, मी तुला मिरजेला गाडीवर पोचवायला आलो. फलाटावर आपण दोघंच होतो. मला सारखं वाटत होतं, आता विचारशील. तू पाण्याची सुरई भरून घेतलीस, डब्यात चढलास, खिडकीतून वाकून म्हणालास, "आईला पत्र नीट वाचत जा." बस्स. त्या वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. सरळ अर्थानं म्हणालास? का "नीट" हा शब्द मुद्दाम होता? एखाद्या माणसाचा अपराध केला की त्याची साधी वाक्यंसुद्धा साधी राहत नाहीत.

यंदा तू आलास तो सुजलेला. तोंड, पाय, सगळं. डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं. मी त्यांनाही दोनदा उलटसुलट विचारलं. बिचाऱ्यांनी दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं. शनिवारी-रविवारी आणि मग रजा टाकून मी तुझ्याजवळ राहिलो. सांगलीच्या गप्पा झाल्या. रेल्वेच्या पोरांच्या मॅचवरून पुन्हा एकदा भांडलो. तुला दम लागला तेव्हा थांबलो. मला वाटलं, चला, हे विसरलाय, किंवा ह्याला कधी कळलंच नाही. माझा जीव भांड्यात पडत होता.

आणि एक दिवस दुपारी, आई खाली डबा धुवायला गेली होती, तू छताकडं बघत विचारलंस, "सद्या, त्यो मेढ्याचा माणूस तवा तुझ्याकडं आला हुता का रं?"

मी काय म्हणालो हे तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय ते माझ्या अंगावरून उतरणार नाही. मी म्हणालो, "मला काय ठावं न्हाई बाबा."

तोंडातून तेच वाक्य निघालं. मी ठरवून बोललो नव्हतो, माझ्या जिभेला दुसरं वाक्य सापडलं नाही. तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस.  राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग "बरं" म्हणालास आणि पाणी मागितलंस.

तू त्याच मातीतला, दौलू. त्या वाक्याचा अर्थ तुला कळला नसेल असं मला म्हणता येत नाही. मग ती दुपार, ती संध्याकाळ, आणि पुढचे तीन दिवस तू मला उशाशी का बसू दिलंस? मी भरवलेली पेज का खाल्लीस? हेच मला झोपू देत नाही.

मिरजेहून तुला शेवटचं घरी आणलं तेव्हा अंगणात पाट ठेवून आंघोळ घातली. पाणी घालणाऱ्यांत मी होतो. घरी काय, दवाखान्यात काय, तू कायम लांब पायजमा घालायचास, त्यामुळं सांगलीनंतर गुडघ्याखाली तुझे पाय मी उघडे बघितलेच नव्हते. रजेवर आलास तेव्हा तुझे तळहात मात्र चोरून बघितले होते. फिटरच्या हातांना घट्टे हवेत, तुझे हात माझ्यापेक्षा मऊ होते, आणि ते मी तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून मनात ठेवलं होतं. आता तुझ्या नडग्या बघितल्या. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक बोटभर जागा धड नव्हती. हाडाला खड्डे होते, वर जुन्या जखमांची काळी-पांढरी कातडी होती, एके ठिकाणी हाड मोडून वाकडं जुळलेलं हाताला लागत होतं. पैलवान खरा का खोटा हे आपलं गाव कान बघून सांगतं, कान फुटलेला असला की खरा. हाफबॅकचं काय बघायचं हे कुणाला माहीत होतं? मला असायला हवं होतं. मी तळहात बघत बसलो. तुझ्या पायांवर पाणी घालताना माझ्या हातातून तांब्या सुटला. लोकांना वाटलं, दोस्ताला दुःख अनावर झालं. झालंही होतं. पण लाज त्याहून मोठी होती.

दहाव्याला नदीवर आपली माणसं होती तेव्हा एक परका माणूस घाट उतरून आला. काळा कोट, हातात टोपी. गोव्याचा कायतान. तुमच्या टीमचा गोलकीपर. रजेवर घरी जाताना तुला भेटायला मिरजेला उतरला, तिथं कळलं, तसाच मोटार धरून गावी आला. मी सवयीनं आधी त्याचे हात बघितले. दहातली चार बोटं मोडून भलतीकडं वळलेली.

कावळा शिवला, मग आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. आपल्या गोव्याच्या मराठीत तो बोलत राहिला. तिथल्या स्पर्धेत फक्त कंपनीच्या कामगारांना खेळता येतं, म्हणून खेळायला आणलेल्या सगळ्यांना कागदावर काहीतरी करून ठेवतात. "दौलत फिटर, आणि मी स्वयंपाकी," म्हणाला. "मला अंडं उकडता येत नाही, मास्तर." मग म्हणाला, "दौलत माझ्यापुढं खेळायचा तेव्हा लोक मला आळशी म्हणायचे. चेंडू माझ्यापर्यंत यायचाच नाही. यंदा तो आजारी पडून घरी गेला आणि मला कळलं गोलकीपरला किती काम असतं." त्यानं डोळे पुसले. मी विचारलं, हो, त्या वेळीही विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलला का?"

"पत्र लिहायला बसला की आम्हा सगळ्यांचा जीव खायचा," तो म्हणाला. "विचारायचा, ‘सांगा रे, काय लिहू म्हणजे माझ्या मास्तराला खरं वाटेल?’ मीच म्हटलं, जमिनीचं लिही. त्या आर्मेनियनच्या कमरेचं लिही. ते पेपरचं कात्रणही आम्ही शोधून दिलं. त्यात त्याचं नाव नव्हतं, पण दुसरं मिळालं नाही. म्हणायचा, आईचं काही नाही, ती विश्वास ठेवते. पण वाचणाऱ्याला पटलं पाहिजे."

वाचणारा मी. ती लांब लांब पत्रं आईसाठी नव्हतीच, दौलू. उन्हात खेळून आल्यावर सोललेले गुडघे घेऊन तू ती माझ्यासाठी लिहीत होतास, आणि मी प्रत्येक ओळीला टिचकी मारत होतो.

काल संध्याकाळी मी तुझ्या आईकडं गेलो. ठरवूनच गेलो होतो. ती उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मेढ्याचा माणूस, शाळा, मी काय म्हणालो, सगळं. मान वर करायचं धाडस नव्हतं. शेंगा फोडल्याचा आवाज थांबला नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्यो पाव्हणा तुझ्या साळंतनं भाईर पडला आन् सरळ मोटारीला गेला. मी दारात चहाचं आधण ठिवून हुबी हुते. माझ्या दाराकडं त्यानं बघितलं बी न्हाई. तवाच कळलं."

"दौलूला सांगितलंस?"

"कशी सांगू? माझं पत्र लिवणार तूच की. आन् घरी आला तवा त्येचा येकच दोस्त हुता, त्यो बी काढून घिऊ?"

"मग मावशी, मला तरी बोलायचं. शिव्या द्यायच्या. एवढे दिवस माझ्यासमोर तशीच बसत होतीस, पत्र ऐकत होतीस."

तिनं मांडीवरची टरफलं झटकली.

"तू वाचाय लागलास की त्यो बोलल्यागत वाटायचं रं," ती म्हणाली. "एका बोर्डिंगात ऱ्हायलेली पोरं तुमी, तुझं बोलणं त्येच्यासारखंच हाय. तुला शिव्या देऊन घराभाईर काढला असता, तर मला माझा दौलू कुणी वाचून दावला असता?"